पोहून आल्यावर मुलाच्या कानात पाणी राहिलं, आता कान ठणकतोय. लसणीचं कोमट तेल घालू का?

नका घालू. एक थेंबही नको. मुलगा कानाला हात लावू देत नाही आणि सासूबाई तेलाचा आग्रह धरतायत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे दुखणं घरगुती उपायांच्या पलीकडे गेलंय, उद्याच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. खरं तर उत्तर एवढंच. पण हेच तेल आमच्या घरातही घातलं गेलं आणि त्यावरून माझं आणि दादाचं आजही पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दर मे महिन्यात भावकीतली, शेजारपाजारची पोरं मी आमच्या विहिरीत पोहायला शिकवतो. पाठीला डबा बांधायचा, आधी कडेकडेनं, मग मधोमध, आणि एक दिवस डबा सोडायचा. दादाचा धाकटा पुण्याहून सुट्टीला आला तो असाच शिकला आणि मग पाण्याबाहेर निघेना. दिवसभर मुटके. एका संध्याकाळी म्हणाला, "काका, कानात दडा बसलाय." मी म्हटलं, त्या कुशीवर झोप, निघेल आपोआप, कानात काही घालू नकोस. वहिनीला धीर निघाला नाही. आधी बड घातला. बडाला मळ लागला म्हणून अजून आत घातला. मग लसूण तडतडवलेलं खोबरेल, वर कापसाचा बोळा. रोज रात्री. कानाला खाज सुटली, मग ठणका, मग उशीवर पिवळट डाग. गावात दाखवलं तर अँटिबायोटिकच्या गोळ्या मिळाल्या, त्यानं ठणका तसूभर हलला नाही. दादाचं फोनवर एकच पालुपद: विहिरीचं पाणी घाण, तू पोराचा कान घालवलास.

शेवटी मीच त्याला साताऱ्याला ईएनटीकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घालून स्क्रीनवर कान दाखवला. आत भिजलेल्या वर्तमानपत्राचा असावा तसा पांढुरका लगदा, आणि त्यावर बारीक काळे ठिपके. ॲस्परजिलस, म्हणजे बुरशी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "तेल कोण घालत होतं?" विहिरीचं त्यांनी नंतर विचारलं. मशिनने कान ओढून साफ केला, क्लोट्रिमॅझोलचे, म्हणजे बुरशीवरचे थेंब दिले, गोळ्या बंद केल्या. त्या रात्री पोरगं शांत झोपलं.

दादाला तेव्हा जे सांगायचं राहिलं ते तुम्हाला सांगतो. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर, तीही वाकडी, आणि आतल्या टोकाला पडद्यानं बंद. आतल्या भागात पातळ कातडी थेट हाडाला चिकटलेली असते, सुजायला जागाच नसते, म्हणून जीव नकोसा करणारा ठणका. मळ ही घाण नव्हे. तो चिकट आणि किंचित आम्ल असतो, पाणी आणि जंतू दोन्ही अडवतो. तासन्‌तास पाण्यात राहिलं की तो धुऊन जातो, किंवा फुगून पाणी आत कोंडतो, आणि कातडी भिजून मऊ पडते. एवढं काम पाण्याचं, ते मी नाकारत नाही. क्लोरीनच्या तलावात पोहणाऱ्यांनाही हे होतं. पण त्या मऊ कातडीला ओरखडा काढतो बड, ओल कोंडून ठेवतं तेल, आणि उरलासुरला वारा बंद करतो कापसाचा बोळा.

तुमच्या मुलाचं काय आहे ते घरी नुसतं बघून ओळखता येण्यासारखं नाही. बहुतेकदा जिवाणू असतात, स्यूडोमोनास किंवा स्टॅफिलोकोकस. खाज जास्त असेल तर बुरशीचा संशय घ्यायचा, आपल्याकडे पावसाळ्यात ती बरीच दिसते. घरी एवढंच पाहा: कान धरून हलक्यानं ओढला किंवा भोकासमोरचा उंचवटा दाबला आणि तो कळवळला, तर दुखणं नळीचं. सर्दीतापानंतर आतून दुखतंय आणि ओढून काही फरक नाही, तर ते पडद्यामागचं, त्याचं औषध वेगळं. नळीच्या जिवाणूंवर सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचे थेंब साधारण 7 ते 10 दिवस देतात, सूज असेल तर सोबत स्टिरॉइड. नळी सुजून बंदच झाली असेल तर आत बारीक वात ठेवतात, म्हणजे औषध पोचतं. बाटली आधी मुठीत धरून कोमट करायची, थेंब घातल्यावर मुलाला 3 ते 5 मिनिटं कुशीवरच ठेवायचं. दुखण्यावर वजनाच्या हिशेबानं पॅरासिटामॉल. संसर्ग कानाबाहेर पसरला नसेल तर पोटात अँटिबायोटिक सहसा लागत नाही. आणि कपाटातले जुने थेंब वापरू नका. पडदा फाटलेला असेल तर त्यातले काही थेंब ऐकू येण्यावरच घाला घालतात, आणि बुरशी असेल तर अँटिबायोटिकनं ती फोफावते.

थेंब चालू असेपर्यंत पाणी बंद, डोकं धुतानासुद्धा कान कोरडा. बरा झाला की परत पोहायला पाठवा. मान कलती करून कान मागे-वर ओढला की पाणी निघतं, बाहेरून टॉवेल फिरवायचा, हवं तर हेअर ड्रायर सगळ्यात कमी वेगावर फूटभर लांबून. दादानं पोराचं पोहणं कायमचं बंद केलं, आता तो दुपारी बुद्धिबळाच्या क्लासला जातो. बुद्धिबळ चांगलंच आहे. पण नदीकाठचं गाव आपलं, कान औषधानं बरा होतो, पोहता न येणाऱ्या पोराचा पाय घसरला तर काय करायचं? हा प्रश्न मी दादाला विचारलाय, उत्तर आलेलं नाही.

एक राहिलं. वर जे लिहिलं ते धडधाकट मुलासाठी. घरातल्या मधुमेही माणसाचा कान असा ठणकला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण तो संसर्ग कवटीच्या हाडात शिरू शकतो. तोंड एका बाजूला वाकडं वाटलं तर रात्र असली तरी हॉस्पिटलला न्या. आणि मुलाच्या कानामागे सूज येऊन कान पुढे आल्यासारखा दिसला किंवा जोराचा ताप चढला, तर त्यालाही तसंच.