वाचकांचे प्रश्न : बॅटरी नवी, तरी सकाळी सेल्फ उचलत नाही

प्रश्न : माझ्याकडे १९९६ची प्रीमियर पद्मिनी आहे, बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर असलेली. चार महिन्यांपूर्वी नवी बॅटरी घातली. दिवसा काही त्रास नाही. रात्री तासभर हेडलाइट लावून आलो की सकाळी सेल्फ उचलत नाही. दिवे लावले की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा अगदी मंद पेटतो. इंजिन थोडं रेस करून मोजलं तर बॅटरीवर १३.९ व्होल्ट येतात, दिवे आणि ब्लोअर लावल्यावर १२.७. मेकॅनिक अल्टरनेटर बदला म्हणतात. बदलू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : इतक्यात नको. १३.९ ठीक आहे, पण लोड पडल्यावर ते १३.५च्या खाली जायला नको होतं. १२.७ व्होल्टवर बॅटरी चार्ज होतच नाही. हे व्होल्ट अल्टरनेटरमध्ये तयारच होत नाहीत, की तयार होऊन वाटेत हरवतात, हे आधी ठरवायला हवं. तिसाव्या वर्षाकडे आलेल्या वायरिंगमध्ये दुसरी शक्यता मोठी असते.

मोजण्याआधी बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. रात्रभर तशीच ठेवून सकाळी १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, १२.२ म्हणजे ती निम्मीच भरलेली आहे. अर्धी उतरलेली बॅटरी गाडीत असेल तर पुढचं एकही रीडिंग विश्वासाचं नाही.

आता इंजिन सुमारे दीड-दोन हजार आरपीएमवर धरायला एकाला बसवा. हेडलाइट अप्पर आणि ब्लोअर, दोन्ही चालू. मल्टिमीटर डीसीवर ठेवून त्याची लाल पिन अल्टरनेटरच्या मागच्या जाड तारेच्या बोल्टवर (तारेच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीवर, म्हणजे लगवर नव्हे) आणि काळी पिन बॅटरीच्या प्लस खांबावर टेकवा. ०.३ व्होल्टपर्यंत चालेल. एक व्होल्टच्या आसपास आलं तर दोष त्या तारेत, तिच्या लगमध्ये किंवा मधल्या जोडात आहे. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर ठेवा. इथे ०.२पेक्षा जास्त येता कामा नये. जास्त आलं तर इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी तपासा. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. ही पट्टी कुजली की करंट ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल गरम होते.

तुमचा मंद लाल दिवाही बऱ्याचदा हेच सांगतो. या पद्धतीच्या सर्किटमध्ये दिव्याच्या एका टोकाला बॅटरीचे व्होल्ट असतात आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचे. दोन्ही सारखे असले की दिवा विझतो. बॅटरीकडे कमी पोहोचले की तेवढ्या फरकावर तो मिणमिणतो. अल्टरनेटरमधल्या कमजोर डायोडनेही (एसीचा डीसी करणारे भाग) असंच होतं, म्हणून मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

तारेचा दोष निघाला तर १० चौरस मिलिमीटरची तांब्याची नवी तार, दोन्ही टोकांना नीट क्रिंप केलेले लग, आणि बोल्टखालची जागा सँडपेपरने चकचकीत करून घेतलेली, एवढंच काम आहे. काळ्या पडलेल्या तारेवर नवा लग बसवून उपयोग नाही.

अल्टरनेटरच्या बोल्टवर आणि त्याच्याच बॉडीवर थेट मोजूनही १२.७-१२.८च मिळत असतील, तर मात्र बेल्ट पाहा. अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिलिमीटर खाली जावा आणि त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत नसाव्यात. हाच बेल्ट वॉटर पंप फिरवतो, त्यामुळे तो घसरत असेल तर टेंपरेचरही चढेल. बेल्ट चांगला असेल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा: ०.१च्या आत ठीक, ०.५च्या वर गेलं तर डायोड प्लेट गेली. डायोडही ठीक असतील तर उरतात कार्बन (फिरणाऱ्या स्लिप रिंगवर घासणारे ब्रश) आणि कटआउट (व्होल्ट मर्यादेत ठेवणारा रेग्युलेटर). कार्बन ५ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असतील तर बदला; स्लिप रिंगवर खोल चर पडले असतील तर नुसते कार्बन टिकणार नाहीत. यांतलं काहीही सुटं बदलता येतं, अख्खा अल्टरनेटर टाकायची गरज क्वचितच पडते.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून ‘चार्जिंग’ बघायची पद्धत कृपया कुणालाही करू देऊ नका. तो डायनॅमोच्या काळातला प्रकार आहे. अल्टरनेटरवर त्याने व्होल्टेज क्षणात कितीतरी पट उसळतं आणि चांगले डायोड जागीच जातात.

प्रश्न : ॲम्बॅसेडरच्या बॅटरीत दर पंधरवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, हेडलाइटचे बल्बही वरचेवर उडतात. कटआउट वेगळा, बॉडीवर बसवलेला आहे.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : ओव्हरचार्जिंग. इंजिन रेस करून बॅटरीवर मोजा, १४.८च्या वर दिसत असेल तर लांबचा प्रवास टाळा. पण कटआउट विकत घेण्याआधी त्याच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा व्होल्टमधला फरक मोजा. तिथे अर्थिंग कच्चं असलं तर कटआउटला व्होल्ट खरे आहेत त्यापेक्षा कमी दिसतात, आणि तो अल्टरनेटरला आणखी रेटत राहतो. गंजलेला स्क्रू काढून पत्रा घासून घेतला की पुष्कळदा काम होतं. बॅटरीत ॲसिड घालू नका. पाणीच उडालेलं असतं. तिच्यातून हायड्रोजन निघत असतो, त्यामुळे झाकणं उघडी असताना जवळ काडी किंवा विडी नको.

प्रश्न : चार्जिंग १४.२ आहे, तरी गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कुठेतरी करंट झिरपतो आहे. सगळं बंद करून मायनस टर्मिनल काढा आणि मल्टिमीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावून बॅटरीचा मायनस खांब आणि काढलेली तार यांच्या मध्ये जोडा. या अवस्थेत सेल्फ मारू नका. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. अर्धा अँपिअर असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात, म्हणजे तीन दिवसांत ३६. लहान गाडीची बॅटरी तेवढ्यात संपते. फ्यूज एकेक काढत जा; ज्याने आकडा पडतो ते सर्किट दोषी, आणि बहुतेकदा नंतर बसवलेली म्युझिक सिस्टिम सापडते. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच राहिला, तर रात्रभर उभ्या गाडीच्या अल्टरनेटरला सकाळी हात लावून पाहा. तो कोमट लागला तर डायोडमधूनच गळती आहे.