रातकिडा आधी ओळखा, औषधाचं नंतर बोलू

प्रश्न : रोपं रात्रीत जमिनीलगत कापली जातात. शेतात काळे, तपकिरी आणि शेपटीवाले असे तीन प्रकारचे रातकिडे दिसतात. दुकानदार म्हणतो, एकच औषध दुप्पट मारा. काय करू?

उत्तर : दुप्पट मारू नका. लेबलवरचं प्रमाण दुकानदाराच्या तोंडी सल्ल्याने बदलत नाही.

शेपटीवाला हा तिसरा प्रकार नाहीच. ती मादी. मागचे दोन केसाळ तंतू नर-मादी दोघांनाही असतात. मादीला मधोमध अंडी घालायची सुई जास्तीची. ती डंख मारत नाही. या सुईला ‘नवी कीड’ समजून फवारे उडवलेली शेतं मी कितीतरी पाहिलीत.

काळ्याच्या पंखांच्या मुळाशी दोन फिकट पिवळे ठिपके असतील, तर तो बहुधा ग्रिलस बायमॅक्युलेटस या जातीचा. तपकिरी, डोळ्यांवर फिकट पट्टा असलेला, तो बहुधा टेलिओग्रिलस या गटातला. त्यापुढे नुसत्या नजरेने जात ठरवायला जाऊ नका. एकाच जातीत लांब आणि आखूड पंखांचे किडे निघतात, आणि बिनपंखी पिल्लांवरून जात ठरत नाही. उदाहरणार्थ, उत्तर अमेरिकेतले ग्रिलस वेलेटिस आणि ग्रिलस पेनसिल्व्हॅनिकस हे दोन रातकिडे दिसायला जवळपास सारखेच. पण पहिला पिल्लाच्या रूपात हिवाळा काढून वसंतात मोठा होतो, दुसरा अंड्यात हिवाळा काढून उन्हाळ्याच्या शेवटी. म्हणून किडा कधी सापडला, तेही लिहून ठेवा. काही जाती तर नराच्या आवाजावरूनच वेगळ्या करता येतात. मोबाइलवर आवाज टिपा आणि त्या वेळचं तापमान सोबत लिहा. उकाड्यात आवाजाचे ठोके जलद पडतात, तापमानाशिवाय ते रेकॉर्डिंग निरुपयोगी.

आता रोपं कोण कापतंय ते बघा. कापलेल्या रोपाशेजारची माती बोटभर उकरा. वेटोळं करून बसलेली अळी निघाली, तर रातकिड्यावर औषध मारून काय साधणार? बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग आणि आत ओढलेलं रोप दिसलं, तर तो बहुधा मोठा, तपकिरी, बिळात राहणारा रातकिडा, जुन्या पुस्तकांतला ब्रॅकिट्रुपीस. बाकीचे रातकिडे रोपं खातात, तसं तणाचं बी आणि इतर किडेही खातात. सरसकट मारलेत तर हा फायदाही गमावता.

माझा आग्रह ओल्या गवताच्या ढिगांचा. संध्याकाळी बांधालगत लहान ढीग ठेवा, उजाडायच्या आत उचला, खालचे किडे गोळा करून मोजा. हे सलग काही दिवस करा. ढिगाखाली मोजकेच किडे आणि रोपं शाबूत, तर फवारणीचा विषयच नाही.

फवारायचंच ठरलं, तर त्या पिकावर आणि त्या किडीवर शिफारस असलेलंच औषध, लेबलच्या प्रमाणात, तेही संध्याकाळी. भर दुपारी नाही! दुपारी किडा बिळात असतो, औषध वरच्या वर वाळतं, आणि मग दुकानदार ‘मात्रा कमी पडली’ म्हणून दुसरी बाटली हातात देतो. दोन औषधं एकत्र करून मारायला सांगितलं, तरी नको.