‘द हॉन्टिंग’ (१९६३) मध्ये एकदाही भूत न दाखवणं ही दिग्दर्शकाची हुशारी की पळवाट?

चित्रपट थोडक्यात असा: हिल हाउस या झपाटलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या घराचा अभ्यास करायला डॉक्टर मार्कवे येतो आणि त्याच्यासोबत एलेनॉर, थिओ आणि ल्यूक तिथे राहतात. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. दिग्दर्शक रॉबर्ट वाइजने पावणेदोन तासांहून मोठ्या चित्रपटात भूत एकदाही दाखवलं नाही, ही हुशारी की पैसे नव्हते म्हणून काढलेली पळवाट? आणि शेवटी डॉक्टरची बायको गाडीसमोर मध्येच कशी येते? तुमच्या मित्राचं म्हणणंही तुम्ही दिलं आहे, की सगळं एलेनॉरच्या डोक्यातच घडतंय, म्हणून दाखवायला भूत नाहीच. पहिल्या प्रश्नात मी पूर्णपणे वाइजच्या बाजूचा आहे, दुसऱ्यात तुमच्या. पुढे शेवटही उघड होणार आहे, तेव्हा ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहावा.

पैशांचं आधी सांगतो. बजेट कमी होतं हे खरं आहे. अमेरिकेतल्या एमजीएम या चित्रपट कंपनीने हात आखडता घेतला म्हणून वाइज इंग्लंडला गेला आणि बोरहॅमवूडच्या एमजीएम-ब्रिटिश स्टुडिओत साधारण दहा-अकरा लाख डॉलरांत हे काम झालं. पण पडद्यावर भूत आणायला पैसा लागतोच असं नाही. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून आरपार दिसणारी आकृती उभी करणं मूकपटांच्या काळापासून चालत आलं होतं आणि ते स्वस्तात व्हायचं. वाइजने पैसा कुठे घातला ते बघा. कलादिग्दर्शक एलियट स्कॉटने हिल हाउसच्या खोल्या उभारल्या त्या छतासकट. एरवी स्टुडिओतल्या सेटला छत नसतं, दिवे वरून सोडता यावेत म्हणून. इथे छत बांधलं, वर नक्षी केली, आणि पॅनाव्हिजन या रुंद पडद्याच्या पद्धतीच्या फ्रेममध्ये ते छत माणसांच्या डोक्यावर सतत दिसत राहतं. लोखंडी गोल जिना तर हलावा, डगमगावा म्हणूनच बनवून घेतला. एवढा खर्च घरावर करणाऱ्या माणसाला एक पांढरी आकृती परवडली नसती असं मला वाटत नाही.

शिवाय वाइज तेव्हा कुणी नवखा दिग्दर्शक नव्हता. ‘वेस्ट साइड स्टोरी’चं ऑस्कर नुकतंच मिळालं होतं. आणि त्याची सुरुवातच मुळी व्हॅल लूटन या निर्मात्याच्या हाताखाली झाली होती. चाळीसच्या दशकात आरकेओ कंपनी लूटनला भडक शीर्षकं आणि तुटपुंजे पैसे द्यायची, आणि तो त्यातून अंधार, सावल्या, पावलांचे आवाज यांवर उभे राहणारे चित्रपट काढायचा. वाइजने १९४४ आणि १९४५ मध्ये त्याच्याकडे भयपट केले. म्हणजे ‘न दाखवणं’ ही त्याने १९६३ मध्ये अडचणीत सापडल्यावर शोधलेली युक्ती नव्हे, त्यात तो मुरलेला होता.

इथे बहुतेक लोक म्हणतात, ‘न दिसणारं भूत दिसणाऱ्या भुतापेक्षा जास्त घाबरवतं.’ वाइजचा बचाव मी या वाक्यावर करणार नाही, कारण तो नियम नाही. दोनच वर्षं आधी, १९६१ मध्ये, इंग्लंडमध्येच जॅक क्लेटनने ‘द इनोसंट्स’ केला. तोही कृष्णधवल, तोही मोठ्या घरातला, त्यातही मध्यभागी एक एकटी, ताणलेली बाई आहे. क्लेटन भुतं स्पष्ट दाखवतो. खिडकीच्या काचेपलीकडे पुरुषाचा चेहरा येतो. तळ्याच्या पलीकडे भरदिवसा, लव्हाळ्यांत काळ्या कपड्यातली बाई उभी असते, हलत नाही, काही करत नाही. त्या बाईचं दिसणं पडद्यावरच्या सगळ्यात भयंकर क्षणांपैकी एक आहे असं मी मानतो. तेव्हा प्रश्न ‘दाखवावं की नाही’ असा सरसकट विचारून उपयोग नाही. या गोष्टीला काय हवं होतं, असा विचारायला हवा.

आणि या गोष्टीतलं भूत मुळात एक आवाज आहे. एलेनॉरने आजारी आईची सेवा करण्यात अकरा वर्षं घालवली. आईला काही हवं असलं की ती भिंतीवर ठोकायची. एका रात्री आईने ठोकलं आणि एलेनॉर गेली नाही. आई वारली. एलेनॉर ऐकूनही उठली नाही, की झोपेत ऐकलंच नाही, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. आता चित्रपटाच्या सुरुवातीला सांगितलेला घराचा इतिहास आठवा. घर बांधणाऱ्या क्रेनची मुलगी ॲबिगेल त्याच घरातल्या बालदालनात म्हातारी झाली, आणि शेवटच्या रात्री सोबतिणीला बोलावायला भिंतीवर काठी आपटत राहिली. सोबतीण आली नाही. पुढे त्याच सोबतिणीने ग्रंथालयातल्या गोल जिन्यावर गळफास घेतला. एलेनॉर गाडी घेऊन फाटकातून आत शिरते त्याच्या कितीतरी आधीपासून तिची गोष्ट त्या घरात घडून गेलेली आहे.

आता पहिल्या रात्रीचा प्रसंग. एलेनॉर झोपेत आहे. भिंतीवर धडका सुरू होतात. ती अर्धवट झोपेत म्हणते, आले आई, आले. मग तिला जाग येते, आई आता नाही हे आठवतं, आणि धडका चालूच असतात. ही भीती आकृती दाखवून निर्माण होऊच शकत नाही. कोपऱ्यात ॲबिगेलची सावली उभी केली असती तर आपण म्हटलं असतं, हं, हे त्या म्हातारीचं भूत. एलेनॉरची आई त्या क्षणी प्रसंगातून बाहेर गेली असती. नुसता ठोका ठेवला म्हणून तो ॲबिगेलचाही राहतो, आईचाही राहतो आणि एलेनॉरच्या मनातल्या अपराधाचाही. वाइजने हे आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून घेतले होते आणि चित्रीकरणाच्या वेळी ते सेटवर वाजवले जायचे, म्हणजे नट खऱ्या आवाजाला दचकतात. एलेनॉर झालेली ज्युली हॅरिस आणि थिओ झालेली क्लेअर ब्लूम एकमेकींना बिलगून बसतात तेव्हा त्यांची नजर एका वेळी एकाच दिशेला कशी सरकते ते बघा. धडका कॉरिडॉरमधून चालत येतात, दारापाशी थांबतात, दाराच्या कडा चाचपतात, मूठ किंचित फिरते. आत येणं सहज शक्य आहे आणि तरी ते आत येत नाही. हेडफोन लावून पाहिलात तर अंतर कसं कमी होत जातं ते नीट कळेल.

तुमच्या मित्राच्या मुद्द्याला याच धाग्याने उत्तर देतो. पटकथाकार नेल्सन गिडिंगलाही मूळ कादंबरी वाचताना हेच वाटलं होतं, की ही एका बाईच्या मानसिक कोसळण्याची कथा असावी. तो आणि वाइज लेखिका शर्ली जॅक्सनला भेटले आणि त्याने तिला ते विचारलं. कल्पना चांगली आहे, पण आपण अलौकिकाबद्दलच लिहिलंय, असं तिने सांगितलं. तरी गिडिंगच्या त्या वाचनाचा अंश पटकथेत उरला आहे आणि तुमच्या मित्राला तो जाणवला, हे बरोबरच आहे. पण मग वाइजने दिवाणखान्यातला तो दाराचा प्रसंग ठेवला. जाडजूड बंद दार आतल्या बाजूला फुगतं. लाकूड वाकतं, परत जातं, पुन्हा फुगतं, जणू ते दार श्वास घेतंय. हे एकट्या एलेनॉरला दिसत नाही. डॉक्टर मार्कवे, थिओ आणि आतापर्यंत सगळं थट्टेवारी नेणारा ल्यूक, असे चौघं तिथे असतात आणि चौघंही बघतात. चार साक्षीदार असताना ‘सगळं तिच्या डोक्यात’ हे म्हणणं टिकत नाही. त्या दृश्यामागची करामत अगदी साधी होती. लाकडाचे पातळ थर चिकटवून दार बनवलं होतं आणि पलीकडून एक दणकट माणूस लाकडी ओंडक्याने ते ढकलत होता.

म्हणून मला वाटतं, वाइजने काहीच दाखवलं नाही हे आपण उगाच म्हणतो. घर झपाटलेलं आहे याचा पुरावा तो भर दिवाणखान्यात देतो. फक्त झपाटणाऱ्याला चेहरा द्यायचं नाकारतो. पळवाट काढणारा दिग्दर्शक याच्या उलट करतो, शेवटपर्यंत ‘असेल किंवा नसेल’ म्हणत दोन्ही दरवाजे उघडे ठेवतो.

आणि कॅमेरा. त्या वेळी पॅनाव्हिजन कंपनीकडे ३० मिलिमीटरची एक रुंद लेन्स तयार होत होती. ती अजून सदोष होती, कडांना चित्र वाकायचं. वाइजने नेमकी तीच मागितली, आणि लेन्स सदोष आहे याची कल्पना असल्याचं कागदावर लिहून दिलं, तेव्हा ती मिळाली. छायालेखक डेव्हिस बोल्टनने तिच्यातून घेतलेल्या दृश्यांत भिंती सरळ राहत नाहीत, कॉरिडॉर किती लांब आहे त्याचा अंदाज चुकत राहतो. घराचं बाह्यरूप म्हणजे स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनजवळचं एटिंग्टन पार्क. तिथली काही दृश्यं इन्फ्रारेड फिल्मवर घेतली, त्यामुळे आकाश काळवंडतं आणि दगडाची प्रत्येक रेघ वर येते. एका प्रसंगात कॅमेरा मनोऱ्याच्या टोकावरून थेट एलेनॉरवर झेपावतो आणि ती सज्जातून पडता पडता वाचते. तिथे कोण बघतंय? माणूस तर नाही. भूत आपल्याला दिसत नाही त्याचं एक कारण हेही आहे, की अनेकदा आपण त्याच्याच डोळ्यांनी बघत असतो.

१९९९ च्या नव्या आवृत्तीत रंग, संगणकावर केलेले चेहरे, हलणारे पुतळे, सगळं आहे. तिथे क्रेनचं भूत मिळतं, त्याच्याशी लढाई मिळते. अपराधाचा ठोका मात्र हरवतो, आणि मग घरात शिरायचं कारणच उरत नाही.

एलेनॉरचं सततचं स्वगत तुम्हाला खटकलं असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. पहिल्या अर्ध्या तासात ते जास्त होतं हे मान्य. चेहऱ्यावर दिसतंच आहे ते पुन्हा ऐकवलं जातं, आणि ज्युली हॅरिससारख्या नटीला त्याची गरज नव्हती. पण ते काढून टाकावं असं मी म्हणणार नाही. चित्रपट सुरू होतो तेव्हा घराबद्दलची प्रास्ताविक वाक्यं डॉक्टरच्या आवाजात आहेत, त्या घरात जे कोणी वावरतं ते एकटंच वावरतं, अशा अर्थाची. शेवटी जवळजवळ तीच वाक्यं एलेनॉर म्हणते, आणि ‘ते’च्या जागी ‘आम्ही’ येतं. कादंबरीत हा बदल नाही, तिथे शेवटही निवेदकाचाच आहे. जो आवाज आपण इतका वेळ एका बाईच्या डोक्यातला म्हणून ऐकला, तो आता घराचा झाला. हा या चित्रपटातला सर्वांत धाडसी निर्णय आहे असं माझं मत आहे, आणि आधीचं स्वगत नसतं तर तो जमला नसता.

आता डॉक्टरची बायको. कादंबरीतला डॉक्टर वयस्कर, स्थूल गृहस्थ आहे आणि त्याची बायको प्लँचेट घेऊन येणारी, भुतांशी गप्पा मारायला उत्सुक असलेली बाई आहे. चित्रपटात डॉक्टर देखणा आहे, एलेनॉर त्याच्यात गुंतते, आणि बायको ग्रेस येते ती कशावरही विश्वास नसलेली. मला हा बदल मुळातच पटत नाही. एलेनॉरला हक्काचं घर हवं आहे. आयुष्यात पहिल्यांदा कुठेतरी तिची वाट बघितली जातेय, आणि ते ठिकाण भयंकर आहे तरी तिला सोडवत नाही, ही तिची शोकांतिका. त्याची भूल एका विवाहित पुरुषावरच्या प्रेमापुरती आली की गोष्ट लहान होते. क्लेअर ब्लूमच्या थिओशी असलेलं एलेनॉरचं नातं त्याहून कितीतरी गुंतागुंतीचं आहे. थिओचं स्त्रियांवर प्रेम आहे हे उघड करणारा सुरुवातीचा प्रसंग वाइजने वगळला. उरलं ते सूचक राहिलं, तरी जिथे जिथे या दोघी समोरासमोर येतात तिथे डॉक्टरकडे लक्षही जात नाही.

ग्रेसचा एक उपयोग मात्र अचूक आहे. गोल जिन्याच्या माथ्यावरचं झडप उघडतं आणि अचानक तिचा चेहरा बाहेर येतो. अख्ख्या चित्रपटात चेहरा दाखवून दचकवण्याचा हा क्षण, आणि तो चेहरा जिवंत माणसाचा.

तिथे तिचं काम संपलं होतं. वाइज तिला पुन्हा आणतो, थेट रस्त्यावर. एलेनॉर गाडी वेगात घेऊन निघाली आहे, स्टीअरिंग तिच्या ताब्यात राहिलंय की नाही कळत नाही, तेवढ्यात ग्रेस समोरून धावत जाते आणि गाडी झाडावर आदळते. बचाव करायचा तर एवढाच, की क्रेनची पहिली बायकोही याच घराच्या वाटेवर बग्गी झाडाला धडकून गेली होती, त्यामुळे घर पुन्हा तेच करतंय असं वाटावं. पण त्यासाठी ग्रेस कशाला हवी? झाड पुरेसं होतं. कादंबरीत एलेनॉर स्वतः गाडी झाडाकडे वळवते, आणि शेवटच्या निमिषात तिच्या मनात येतं, मी हे का करतेय, मला कुणी थांबवत का नाही? चित्रपटात तो प्रश्न नीट उमटायच्या आतच अपघाताला कारण मिळून जातं. कुणीतरी आडवं आलं.

अपघातानंतरचा संवाद काळजीपूर्वक ऐका. ‘बिचारी एलेनॉर’ असा सूर लागलेला असताना थिओ म्हणते, बिचारी कशाला, तिला इथेच राहायचं होतं, दुसरीकडे जायला जागाच नव्हती. पटकथेतलं हे सर्वोत्तम वाक्य आहे. पण नुकतीच एक बाई गाडीसमोर धावून गेलेली आपण पाहिली आहे, म्हणून ते पूर्ण खरं वाटत नाही, सांत्वनासारखं ऐकू येतं. रस्त्यावर कुणी नसतं तर त्याच वाक्याने अंगावर काटा आला असता.