जिम एक, ताट एक, मग दंड वेगळे का?

प्रश्न : ताई, मी आणि माझ्या चुलतभावाने एकाच दिवशी जिम लावली, आठ महिने झाले. ट्रेनर एक, घर एक म्हणजे जेवण पण एकच, अंडीसुद्धा मोजून सारखी खातो. त्याचे दंड बाहीत मावत नाहीत आणि माझे शर्ट आहेत तसेच. तो बेंचवर ७० किलो मारतो, मी ४५ वर अडकलोय. आजी म्हणते तो हाडापेराने त्याच्या मामावर गेलाय. ट्रेनर म्हणतो साडेसात हजारात जीन टेस्ट कर, लाळ दिली की कळतं बॉडी होणार की नाही. करू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आजीचं बरंचसं बरोबर आहे रे, ट्रेनरचं नाही.

तुझ्यासारखे दोघं सगळ्या जिममध्ये असतात. अमेरिकेत ५८५ जणांना १२ आठवडे फक्त एका हाताचा व्यायाम दिला, तोही कमी वापरातल्या हाताचा, त्याचे आकडे २००५ साली आले. व्यायाम सगळ्यांना सारखाच, तरी कुणाच्या दंडाचा स्नायू ५९ टक्के वाढला आणि कुणाचा २ टक्के कमीच भरला, ताकदीत तर कुणी होते तिथेच आणि कुणी अडीचशे टक्क्यांनी वर. आता हे सगळं काही जीन्सचं नाही, झोप, आधीची सवय, त्या दिवशीचा मूड हेही त्यात आलंच. पण जुळ्यांच्या अभ्यासातून दिसतं की माणसामाणसांच्या ताकदीत जो फरक असतो त्यातला साधारण निम्मा जन्मजात असतो. आणि तुम्ही एका घरातले असलात तरी सख्ख्या चुलतभावांचे वारशातले जीन्स जुळतात सरासरी साडेबारा टक्के, बाकी त्याचा मामा तुझा मामा नाही ना!

मग टेस्ट का नको? तर या टेस्टमध्ये हमखास बघतात तो एसीटीएन३ नावाचा जीन. जोरात धावायला, झटक्यात उचलायला लागणारे जे स्नायूतले फास्ट तंतू असतात त्यांच्यातलं एक प्रोटीन तो बनवतो. जगात साधारण पाच-सहा माणसांमागे एकाकडे हे प्रोटीन अजिबात नसतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण आजार काही होत नाही. ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये दिसलं की वरच्या पातळीच्या स्प्रिंटर्समध्ये असे लोक फारच कमी, झालं, तेव्हापासून याचं नाव झालं ‘स्पीड जीन’. पण ऑलिंपिकच्या दाराशी जो फरक पडतो तो तुझ्या माझ्या बेंचप्रेसमध्ये जेमतेम दिसतो. ताकद अशा शेकडो जीन्सच्या चिमूट चिमूट हिश्श्याने ठरते. एकाच जीनने स्नायू खूप वाढल्याची उदाहरणं आहेत, बेल्जियन ब्लू जातीचे बैल गुगल करून बघ, अंगावर उशा बांधल्यासारखे दिसतात, त्यांचा स्नायूंची वाढ रोखणारा मायोस्टॅटिन नावाचा ब्रेकच बिघडलेला असतो. जर्मनीतल्या एका मुलातही हे सापडलं, २००४ मध्ये छापून आलं. पण माणसात असं लाखात एखादं सुद्धा म्हणवत नाही. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन लिहूनच टाकलंय की टॅलेंट शोधायला किंवा ट्रेनिंग ठरवायला या टेस्ट वापरू नका. साडेसात हजारात अंडी किती येतील ते बघ.

दुसरं म्हणजे एक सेट मारून ज्यांना फारसा फरक पडत नाही त्यातल्या काहींना सेट वाढवल्यावर पडतो, म्हणून दोघांचा प्लॅन सेम ठेवायचा हट्ट सोड. छातीला आठवड्यात किती सेट मारतोस ते मोज, पाच-सहाच निघाले तर हळूहळू दहापर्यंत ने आणि तीन महिने वहीत लिही.

आणि हो, ४५ वर अडकलोय म्हणतोस पण सुरुवात कितीवर केलीस ते लिहिलंच नाहीस. नुसत्या २० किलोच्या रॉडवर केली असशील तर आठ महिन्यांत दुपटीच्या वर गेलायस की. भाऊ पहिल्या दिवशी किती उचलत होता तेही विचार त्याला.