नोटरी केलेला करार, रोखीतले वीस हजार आणि पंधरा दिवसांची मुदत

प्रश्न : बदली झाल्यामुळे जूनमध्ये पत्नी, दोन मुले आणि आई यांना घेऊन मी महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या शहरात आलो. एजंटमार्फत परवडेल असा दोन बेडरूमचा फ्लॅट मिळाला. भाडे 18,000 आणि डिपॉझिट 60,000. त्यातले 40,000 मालकांच्या खात्यात भरले, 20,000 एजंटसमोर त्यांना रोख दिले. करारात मात्र 40,000 च लिहिले आहेत. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार स्टँप पेपरवर केला आणि नोटरी करून घेतला. सहा महिने लॉक-इन, त्याआधी मी घर सोडले तर डिपॉझिट जप्त, त्यानंतर दोघांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस द्यायची, अशा अटी आहेत. आता अडीच महिन्यांनी मालक म्हणतात की दुसरे कोणी 23,000 द्यायला तयार आहे. तेवढे द्या, नाहीतर पंधरा दिवसांत घर रिकामे करा. मुलांच्या शाळेने रजिस्टर्ड करार मागितला आहे. एजंट म्हणतो, नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशनच. सोसायटीचे सेक्रेटरी ‘भाडेकरू शुल्क’ माझ्याकडे मागतात. पुन्हा घर शोधण्याची ताकद नाही. मी काय करावे?

उत्तर : पंधरा दिवसांत घर सोडू नका. आणि रागाच्या भरात भाडे थांबवू नका. भाडे ठरलेल्या तारखेला, ठरलेले 18,000, मालकांच्या खात्यात जमा करत राहा. ‘डिपॉझिटमधून वळते करून घ्या’ असा सल्ला कोणीतरी देईलच, तो ऐकू नका. आज कराराचा भंग मालक करत आहेत. भाडे थकले की तो तुमच्याकडून होईल, आणि मग तुमची सगळी बाजू लंगडी पडेल.

आधी एजंटचे म्हणणे निकालात काढू. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. नोटरी फार तर एवढेच सांगतो की सह्या त्याच्यासमोर झाल्या. नोंदणी होते ती दुय्यम निबंधकाकडे. अकरा महिन्यांचा प्रघात पडला तो 1908 च्या नोंदणी कायद्यातल्या कलम 17 मुळे, कारण एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी त्यात सक्तीची आहे. वर्षाच्या आत राहिले की सुटलो, असा हा हिशेब. महाराष्ट्रात तो केव्हाच मोडीत निघाला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि त्याच्या कलम 55 नुसार भाडेकरार असो वा लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे ठरावीक काळ जागा वापरण्याची परवानगी), मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तरीही इतक्या वर्षांनी एजंट मंडळी ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हेच बिनदिक्कत सांगत असतात आणि माणसे विश्वास ठेवतात, कारण सामानाचा ट्रक दारात उभा असतो.

तुमच्या दृष्टीने या कलमातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, तुमच्यावर नाही. ती न पाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणीकृत लेखी करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे दाखवायचे ओझे मालकावर येते. म्हणजे नोंदणी चुकवून मालकांनी पैसे वाचवले असे त्यांना वाटत असेल, तर प्रत्यक्षात त्यांनी स्वतःचीच बाजू कमकुवत करून ठेवली आहे. हे त्यांच्या वकिलाला नक्की ठाऊक असेल. त्यांना स्वतःला बहुधा नसेल.

याचा अर्थ ‘आता मी कायमचा भाडेकरू’ असा पवित्रा घ्यावा, असे मी सांगणार नाही. तसे सल्ले बाहेर भरपूर मिळतात. समोरून याच कायद्याचे कलम 24 पुढे केले जाईल, ज्यात लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला आहे, आणि तुम्ही वर्षानुवर्षे तारखा मोजत बसाल. तुम्हाला खटला नको आहे, मुलांची शाळा आणि आईचे औषधपाणी यांच्याजवळ टिकणारे घर हवे आहे. तेव्हा कलम 55 चा उपयोग मालकांना टेबलावर आणण्यापुरता करा.

भाडेवाढीचे म्हणावे तर मुदतीच्या मध्येच भाडे वाढवण्याची अट तुमच्या करारात नाही, म्हणून 23,000 चा प्रश्नच येत नाही. लॉक-इन सहा महिन्यांचा आहे आणि नोटिशीचा हक्क त्यानंतरचा, म्हणून पंधरा दिवसांच्या मुदतीलाही करारात आधार नाही. डिपॉझिट जप्तीची भीती दाखवली जात असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. ती अट तुम्ही घर सोडले तर आहे, मालकांनी काढले तर नाही. दुसरे म्हणजे, उद्या तुम्हीच लॉक-इनमध्ये सोडले तरी भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 74 नुसार वाजवी भरपाईच मागता येते. करारातला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते, आपोआप मिळणारी रक्कम नसते. नुकसान झालेच नसेल तर केवळ अट आहे म्हणून पैसे गिळता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाश नाथ असोसिएट्सच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. जास्त भाडे देणारा माणूस तयार असताना मालकांचे नुकसान कसले? त्यांचा तो 23,000 चा मेसेज असेल तर जपून ठेवा. उलट बाजूने, मोबदला देऊन घेतलेले लायसन्स आपली चूक नसताना मध्येच काढून घेतले गेले, तर भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 चे कलम 64 तुम्हाला भरपाई मागण्याचा हक्क देते.

आता तुमच्या प्रकरणातली खरी कच्ची जागा, ती म्हणजे रोखीने दिलेले वीस हजार. वर म्हटले की तुमचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल, पण 40,000 लिहिलेल्या कागदावर सही तुमचीच आहे, आणि विरुद्ध पुरावा म्हणून तुमचाच कागद तुमच्यापुढे ठेवला जाईल. भांडण सुरू होण्याआधी, म्हणजे आजच, मालकांना साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवा. त्यात कायद्याची भाषा नको. ‘कराराच्या दिवशी रोख दिलेले 20,000 धरून माझे एकूण डिपॉझिट 60,000 तुमच्याकडे आहे. रजिस्टर्ड करारात तेवढाच आकडा लिहू. कधी भेटू या?’ एवढेच. पुष्कळदा माणूस ‘हो, बघू’ असे उत्तर देतो आणि तेवढ्याने काम होते. एजंटलाही असाच मेसेज टाका. तो साक्षीदार आहे, कमिशनवरून त्याच्याशी वाद काढू नका. मेसेज डिलीट करू नका आणि सध्या फोन बदलू नका, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 नुसार प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी बँकेतून रोकड काढली असेल तर पासबुकातल्या त्या नोंदीवर खूण करून ठेवा.

मालकांपुढे ठेवायचा प्रस्ताव असा : जुन्या कराराला ठिगळ लावण्यापेक्षा नवा नोंदणीकृत करार करू, भाडे 18,000, डिपॉझिट पूर्ण 60,000. सही केल्यापासून चार महिन्यांच्या आत जुना करारही नोंदवता येतो, पण त्यात डिपॉझिटचा आकडाच चुकीचा आहे, म्हणून नवाच बरा. खर्चाचे कारण सांगतील तर आकडा समोर ठेवा. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के असते आणि ते मुदतीतल्या एकूण भाड्यावर, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेल्या व्याजावर काढतात. उरलेल्या मुदतीसाठी नऊ महिने धरले तर भाडे 1,62,000, व्याज 4,500, म्हणजे 1,66,500 वर साधारण 416 रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000. यासाठी एजंटने तुम्हाला नोटरीकडे नेले! नोंदणी ऑनलाइन होते. आधार आणि अंगठ्याचा ठसा लागतो, कार्यालयात जावे लागतेच असे नाही.

मुदत अकरा महिन्यांचीच ठेवायला हवी असेही नाही. वरचा शुल्काचा हिशेब 60 महिन्यांपर्यंत चालतो. मुले नव्या शाळेत जात असतील तर दोन किंवा तीन वर्षांचा करार मागा आणि दर वर्षी किती वाढ ते त्यातच लिहून टाका. मालकांना भाडे वाढवायचे आहे ना? मग दुसऱ्या वर्षापासून थोडी वाढ मान्य करणे तुम्हाला पुन्हा ट्रक, पुन्हा एजंट, पुन्हा डिपॉझिट यापेक्षा स्वस्त पडेल. लॉक-इन दोघांनाही सारखा, नोटीस दोघांनाही सारखी आणि डिपॉझिट चावी दिल्याच दिवशी परत, या ओळी मात्र स्वतः वाचून मगच अंगठा लावा. राहणाऱ्यांत आईचेही नाव घाला.

सेक्रेटरींचे शुल्क तुम्ही द्यायचे नाही. फ्लॅट भाड्याने दिल्यास सोसायटी बिनभोगवटा शुल्क (सभासद स्वतः राहत नाही म्हणून लागणारे) घेऊ शकते, पण ते सभासदाकडून, आणि सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. 1 ऑगस्ट 2001 चा शासनाचा आदेश आहे. मालकांचा फोन नंबर सेक्रेटरींना द्या आणि विषय संपवा. पोलिसांना भाडेकरूची माहिती देण्याचे कामही मालकांचे. ती दिली का, हे मात्र विचारून घ्या.

मालक ऐकलेच नाहीत आणि कुलूप बदलण्याची वगैरे भाषा झाली, तर 112 वर फोन, पोलिस ठाण्यात लेखी तक्रार आणि लगेच न्यायालयात मनाई हुकमाचा अर्ज, या क्रमाने जा. न्यायालयात जाण्याआधी वकिलामार्फत एक नोटीस पाठवा. कलम 55 मधल्या शिक्षेचा उल्लेख त्यात येऊ द्या. बरीच प्रकरणे तिथेच मिटतात.

इशारा तुम्हालाही आहे. नव्या कराराची मुदत संपली आणि नूतनीकरण न करता तुम्ही राहत राहिलात, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 नुसार घर रिकामे करून घेण्यासाठी मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतात आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने पैसे द्यावे लागतात. तेव्हा मुदतीच्या दोन महिने आधी बोलणे सुरू करा. नोंदणी झाली की कराराची प्रत आणि इंडेक्स-टू (नोंदणीचा अधिकृत उतारा) दोन्ही मागून घ्या. शाळेत द्यायची ती प्रत हीच.