पाव करपतो, तरी मऊ राहतो

प्रश्न : ताई, पावाच्या चकत्यांवर कांदा-टोमॅटो आणि चीज ठेवून एअर फ्रायरमध्ये भाजते. कडा करपतात, मध्यभाग ओलाच राहतो. चीजची स्लाइस तर उडून वर चिकटते. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : टोमॅटो ठेवून भाजता, घोटाळा तिथंच आहे. एअर फ्रायरमध्ये पंखा गरम हवा फिरवतो आणि ती पावातला ओलावा ओढून घेते. वर टोमॅटो असला की त्याचं पाणी पावात मुरत राहतं. म्हणून पाव आधी कोराच भाजा.

आदल्या दिवशीचा पाव घ्या, चकती अर्धा इंच जाड ठेवा. दोन्ही बाजूंना तुपाचा हलका हात फिरवा. आपल्याकडचं घरचं लोणी मलाही फार आवडतं, पण त्यात राहिलेला ताकाचा अंश लवकर करपतो. १८० अंशांवर साधारण चार मिनिटं, मग उलटून दोन. चकत्या एकमेकींवर चढू देऊ नका. काढल्यावर ताटात नको, जाळीवर ठेवा. ताटात खालच्या वाफेनं पुन्हा मऊ पडतात.

चीज किसून, बोटांनी दाबून बसवा आणि शेवटी मिनिटभर ठेवा. टोमॅटोच्या बिया काढा, मीठ लावून पाणी निथळू द्या आणि वाढतानाच वर घाला. माझं मत विचाराल तर टोमॅटोपेक्षा ब्याडगी मिरची-लसणाची सुकी चटणी घाला. रंग सुरेख येतो, तिखट बेताचं लागतं आणि पाव कुरकुरीत राहतो.