परतीची वाट मोकळी ठेव

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बाहेर चांगली संधी चालून आलीय, पण गाव सोडायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, असं लिहिलंयस. त्याची लाज वाटून घेऊ नकोस. स्वित्झर्लंडमधल्या योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं १६८८ साली या ओढीवर अख्खा प्रबंध लिहिला. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द त्यानंच घडवला, परतणं आणि वेदना अशा अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून. त्यात बर्नहून शिकायला आलेल्या एका तरुणाची हकिकत आहे. पोरगा आजारानं पार खंगला होता. शेवटी त्याला घरी पाठवायचं ठरलं, तर तो वाटेतच सुधारू लागला. घर अजून लांब होतं! नुसतं निघायला मिळालं, एवढ्यानंच त्याला बळ आलं.

म्हणून तू खुशाल जा. पण ‘एक दिवस कायमचं परत येईन’ असल्या मोघम वचनावर विसंबू नकोस. मीही तेच म्हणून निघालो आणि पुढची अकरा वर्षं पाहुण्यासारखा जात राहिलो. एकदा रात्री उशिरा पोहोचलो. अंधारात हात सवयीनं दाराच्या डाव्या बाजूला गेला. दिव्याचं बटण तिथं नव्हतंच. बोटांना लागला तो सिमेंटनं बुजवलेला खरखरीत चौकोन. दुरुस्तीत बटण उजवीकडे नेलं होतं, आणि मला ते कळवावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. का वाटावं? मी तरी कधी विचारलं होतं? ती रात्र जागून काढली.

तुझ्यावर ही वेळ येऊ नये. निघण्याआधीच गावातलं एखादं छोटं काम अंगावर घे. तुझ्या शाळेतल्या दोन मुलांना आठवड्यातून एकदा फोनवर गणित शिकव, एवढंही पुरे. त्या निमित्तानं कोण आजारी आहे, कुठला रस्ता खणलाय, कोणतं झाड पडलं, सगळं कानावर येत राहतं. गाव बदलणारच, पण ते तुझ्या देखत बदलेल.

सगळेच निघून चालले, मग गावाचं कसं होणार, असंही विचारलंयस. अर्न्स्ट रॅव्हनस्टाइन या भूगोलतज्ज्ञानं १८८५ साली जनगणनेच्या आकड्यांवरून दाखवून दिलं होतं, की स्थलांतराच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहासोबत एक उलटा प्रवाहही असतो. माणसं परततात. तूही परतशील, अशी माझी मनापासून आशा आहे.

कोणतं काम घेतलंस, ते निघण्याआधी कळव. मी वाट पाहतोय.

तुझा,
काका